दिवाळीचे कुटुंबपत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षभराची ख्यालीखुशाली दिवाळीच्या सुमारास एकाच पत्रातून सर्वांना कळवण्याचे काम घरात बहुधा एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडते. आमच्या घरी ते माझ्याकडे आले, त्याला आता बरीच वर्षे झाली. पहिल्या वर्षी हाताने लिहिलेल्या दोन पानांच्या चाळीस झेरॉक्स प्रती काढल्या होत्या आणि त्यांतील प्रत्येकीत माझ्या आतेबहिणीच्या मुलाचे नाव चुकले होते. त्यानंतर नातलगांनी आणि ओळखीच्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते उत्तरांसह येथे दिले आहेत.

कुटुंबपत्र म्हणजे नेमके काय?

शुभेच्छापत्रात शुभेच्छा असतात, बातमी नसते. लग्नपत्रिकेत एकच बातमी असते. कुटुंबपत्रात मात्र कोण कोठे राहतो, काय करतो, कोणाची प्रकृती कशी आहे, घरात कोण नवे आले आणि कोण गेले, हे सारे सलग वाचायला मिळते. एरवी हीच माहिती लग्नाच्या पंगतीत तुकड्यातुकड्यांनी आणि बरीचशी ऐकीव स्वरूपात मिळत असते.

ही पद्धत आपली आहे की बाहेरून आलेली?

एकाच मजकुराच्या प्रती काढून त्या सणाला सर्वांकडे पाठवण्याची रीत इंग्लंड-अमेरिकेतील नाताळच्या पत्रांवरून आली, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन १८४३ मध्ये लंडनमध्ये नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र विक्रीस आणले. पुढे १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे साध्या कागदावर प्रती काढणारे यंत्र आले, कचेऱ्यांतून पसरले, आणि घरच्या पत्राच्या पन्नास प्रती काढणे ही चुटकीसरशी होणारी गोष्ट झाली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शेजाऱ्यांकडून आणि सहकाऱ्यांकडून डिसेंबरात अशी पत्रे येत, आणि त्यांतील काहींनी हीच रीत दिवाळीला लावली.

पत्राचा गाभा मात्र आपल्याकडे जुनाच आहे. भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये पाव आण्याला मिळू लागले, आणि तेव्हापासून ‘येथील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’ या वाक्याने किती घरांची खुशाली वाहून नेली असेल, याची मोजदाद नाही. मुंबईच्या गिरणीत असलेल्या मुलाने कोकणात आईला लिहिलेल्या कार्डात मनिऑर्डर, पाऊस, भातकापणी, गाय व्यायली की नाही आणि धाकट्याचे लग्न एवढे सगळे बोटभर अक्षरांत बसत असे. कुटुंबपत्र हे त्याच कार्डाचे वाढलेले रूप आहे, फक्त ते एकाऐवजी साठ जणांना जाते. आणि बहुतेक अडचणीही या साठ जणांमुळेच निर्माण होतात.

वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते, मग पत्र दिवाळीला का?

पंचांगाचे वर्ष चैत्रात बदलते हे खरे. परंतु व्यापाऱ्यांची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला उघडते आणि विक्रम संवत्सरही त्याच दिवशी बदलते, त्यामुळे वर्षाचा जमाखर्च मांडायला दिवाळी अगदीच उपरी नाही. शिवाय परगावी असलेली मुले याच सणाला घरी येतात आणि घरात निवांत वाचन होते तेही याच दिवसांत. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी वाचायला काहीतरी असणे मराठी घराला सवयीचे झालेले आहे.

एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवाळी ते दिवाळी हे अंतर दर वर्षी सारखे नसते. ते साधारण ३५४ दिवसांचे असते आणि अधिक मास आला तर सुमारे ३८४ दिवसांचे होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरात गेली. म्हणून ‘गेल्या दिवाळीनंतर’ असे मोघम न लिहिता महिना लिहावा.

पत्र केव्हा लिहावे आणि केव्हा पाठवावे?

नवरात्रात माहिती मागवावी, दसऱ्याला कच्चा मसुदा तयार असावा आणि कोजागिरीपर्यंत तो ज्यांच्या बातम्या त्यात आहेत त्यांच्या नजरेखालून जावा. दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पाने देण्याच्या निमित्ताने गावातील नातलगांची भेट होतेच. अर्धी माहिती तेथेच मिळते. परदेशी फराळाचा डबा पाठवणाऱ्यांनी पत्राची घडी त्या खोक्यात घालावी, ती वेगळी पाठवू नये. मात्र पत्र प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे, कारण चकलीचे तेल कितीही बांधले तरी वाट काढते, आणि अनारशांच्या खसखशीने भरलेले पत्र आम्हाला एकदा परत वाचून दाखवले गेले आहे.

माहिती मागवली तर कोणी देत नाही. काय करावे?

‘तुमच्या वर्षभराच्या बातम्या कळवा’ असा संदेश कुटुंबाच्या गटावर टाकला तर खाली फक्त नमस्काराचे हात आणि अंगठे येतात. एकेकाला फोन करून नेमके प्रश्न विचारावेत: नोकरी तीच आहे का, घर बदलले का, गुडघ्याचे काय झाले, धाकटी आता कितवीत आहे. पुरुष मंडळी आपल्या घराबद्दल ‘सगळे ठीक’ यापलीकडे फारसे सांगत नाहीत, असा माझा अनुभव आहे. फोन काकूंकडे द्यायला सांगावे.

सर्वांना एकच पत्र, तर मायना काय लिहावा?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि तो योग्यच आहे, कारण मराठी पत्रलेखनात मायना नात्यावर ठरतो. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, त्यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, आणि पुढे ‘शि. सा. न. वि. वि.’ म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष; धाकट्यांना ‘चि.’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. हे सर्व एका ओळीत कोंबले तर पत्र सरकारी परिपत्रकासारखे दिसू लागते, आणि ‘प्रिय सर्व’ लिहिले तर सत्तर वर्षांच्या आत्याबाईंना आणि सातवीतल्या पुतण्याला एकाच मापाने मोजल्यासारखे होते.

यावर आम्हाला सापडलेला तोडगा साधा आहे. छापील मजकुराच्या वर चार बोटे जागा कोरी सोडावी आणि तेथे प्रत्येकाचा मायना हाताने लिहावा. साठ मायने लिहायला दोन संध्याकाळी लागतात. परंतु पत्र हातात पडताच वाचणारा प्रथम तीच ओळ पाहतो आणि ‘हे मला लिहिले आहे’ असे त्याला वाटते ते तिच्यामुळेच. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी ‘सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद आणि बरोबरीच्यांना प्रेम’ एवढे लिहून थेट मजकुराला हात घालावा. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ हे लिहिण्यात आजही काही वावगे नाही.

‘गं. भा.’ हे उपपद मात्र वापरू नये. ज्या बाईंचे यजमान गेले त्यांना ते प्रत्येक पत्रात पुन्हा आठवून देण्याचे काही कारण नाही. ‘श्रीमती’ किंवा नुसते नाव आणि नाते पुरेसे आहे.

कोणत्या बातम्या घ्याव्यात?

जन्म, साखरपुडा, लग्न, नवे घर, बदली, निवृत्ती आणि मृत्यू या बातम्या कोणी सांगितल्या नाहीत तरी आपोआप येतात. पत्राला चव येते ती त्यांच्या खालच्या थरातील बातम्यांनी. उदाहरणार्थ, ‘श्रीधर निवृत्त झाला’ ही बातमी सर्वांना आधीच ठाऊक असते. पण निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी तो सवयीने डबा घेऊन बसथांब्यापर्यंत गेला आणि तेथून भाजी घेऊन परत आला, हे फक्त घरात ठाऊक असते. (श्रीधर हे नाव उदाहरणापुरते आहे, खरा मनुष्य ओळखेल आणि रागावेल.)

पत्र लिहिताना मी एक मनुष्य डोळ्यांसमोर ठेवतो: नात्यातील अशी व्यक्ती की जिला यंदा कोणीही फोन केलेला नाही. तिला आपल्या घरात आता कोणकोण राहते हेही नक्की माहीत नसते. तिला समजेल असे लिहिले की बाकी सर्वांना ते समजते. त्यामुळे ‘मिनूचे ते काम झाले’ अशी वाक्ये गळून पडतात आणि त्यांच्या जागी मिनू कोण, काम कोणते आणि किती दिवस अडले होते, हे येते.

फसलेल्या गोष्टीही लिहाव्यात. गच्चीवर लावलेल्या बारा वांग्यांच्या रोपांपैकी अकरा गेली, दुचाकी शिकण्याचा काकूंचा प्रयत्न कुंपणात संपला, अष्टविनायकाची यात्रा पाचव्या गणपतीला पावसाने थांबली, अशा गोष्टी लोक पुढच्या भेटीत आठवणीने विचारतात. बढतीबद्दल पुन्हा कोणी विचारत नाही.

घटना महिन्यांच्या क्रमाने मांडाव्यात की माणसांच्या, असेही विचारले जाते. माणसांच्या क्रमाने मांडाव्यात. महिन्यांच्या क्रमाने लिहिले की पत्राचे इतिवृत्त होते आणि ज्यांच्या आयुष्यात त्या वर्षी काही मोठे घडले नाही ते सरळ वगळले जातात.

मुलांचे गुण लिहावेत का?

दहावी-बारावीचा निकाल ही आपल्याकडे कौटुंबिक बातमी आहे, ती दडवण्यात अर्थ नाही. परंतु टक्के लिहू नयेत. पत्र साठ घरांत जाते आणि त्यांतील दोन-तीन घरांत त्याच परीक्षेला बसलेले, कमी गुण मिळालेले किंवा नीटची पुन्हा तयारी करणारे मूल असते. तुमच्या पत्रातील ९४.६० हा आकडा तेथे मोठ्याने वाचला जातो आणि त्यानंतर जे संभाषण होते त्याला तुम्ही जबाबदार असता. ‘बारावी झाली, आता वास्तुशास्त्र शिकायला नागपूरला गेला आहे, वसतिगृहातील वरणाला नावे ठेवतो’ एवढ्याने बातमी पूर्ण होते.

पगार, घराची किंमत आणि गाडीचे मॉडेल यांनाही हेच लागू आहे.

मृत्यूची बातमी कशी लिहावी?

पूर्वी मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. तो पाहताच घरातील कर्ता मनुष्य कार्ड बाजूला नेऊन वाचत असे आणि वाचून झाल्यावर ते फाडून टाकले जाई. असे पत्र घरात ठेवत नसत. हळद-कुंकवाची बोटे लावलेली मंगल पत्रे आणि कोपरा फाडलेली अशुभ पत्रे यांची सरमिसळ होऊ नये, हा जुन्या लोकांचा कटाक्ष होता. दिवाळीच्या पत्रात मृत्यूचा उल्लेख करावा की नाही, हा संकोच तेथूनच आलेला आहे.

माझे मत असे की उल्लेख करावा, आणि तो पत्राच्या सुरुवातीलाच करावा. आनंदाच्या बातम्या वाचत वाचत तिसऱ्या पानावर कोणाच्या जाण्याची बातमी अचानक समोर येणे हे वाचणाऱ्यावर अन्याय करणारे आहे. दोन-तीन वाक्ये पुरतात: केव्हा गेले, आजारी होते का, शेवटी जवळ कोण होते. त्यानंतर त्यांची एखादी लकब, एखादे नेहमीचे वाक्य लिहावे. आमच्या मोठ्या काकांबद्दल मी लिहिले होते की ते रेल्वेच्या वेळापत्रकाची जुनी पुस्तके टाकू देत नसत. त्या एका वाक्यावर नऊ जणांची उत्तरे आली.

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल ते घर पहिल्या दिवाळीला सण करत नाही; आप्त त्यांच्याकडे फराळ घेऊन जातात. अशा वर्षी त्या घराने पत्र पाठवावे का? अवश्य पाठवावे, परंतु शुभेच्छा, पणत्यांची चित्रे आणि कंदील वगळून साध्या कागदावर, आणि वाटल्यास भाऊबीज उलटून गेल्यावर पाठवावे. आणि आपले पत्र अशा घरी जाणार असेल, तर छापील प्रत जशीच्या तशी धाडू नये. एका वर्षी मी ‘आपल्या सर्वांना ही दिवाळी आनंदाची जावो’ असे छापलेले पत्र श्रावणात मुलगा गमावलेल्या मावशीला पाठवले. त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी यादीतील प्रत्येक नावासमोर पाकीट बंद करण्याआधी क्षणभर थांबतो.

आजारपण, घटस्फोट, नोकरी जाणे याबद्दल लिहावे का?

ज्याची बातमी आहे त्याने ‘लिही’ म्हटले तरच, आणि त्याने सांगितलेल्या शब्दांतच. त्याच्या आईने परवानगी दिली म्हणजे त्याने दिली असे होत नाही. पत्नीच्या आजाराबद्दल पतीने परस्पर सांगणे हेही तितकेच गैर आहे. आजाराचे नाव न घेता ‘यंदा प्रकृतीने बरीच परीक्षा पाहिली, आता उपचार चालू आहेत, फोन केला तर आवडेल’ असे लिहिता येते. वाचणाऱ्याला कळते ते कळतेच, आणि फोन करावा की नाही हा संभ्रमही राहत नाही.

घटस्फोटाच्या बाबतीत एकच वाक्य असावे आणि त्यात दोष कोणाचा याचा सूरही नसावा. मूल असेल तर ते हे पत्र पुढे कधीतरी वाचणार आहे.

गर्भारपण किंवा जमत आलेले लग्न आधी कळवता येईल का?

नाही. साखरपुडा झाल्याशिवाय लग्न आणि त्या घराने स्वतः सांगितल्याशिवाय पाळणा पत्रात येऊ नये, बातमी कितीही फुटलेली असली तरी.

जमिनीचा किंवा घराचा वाद चालू आहे. त्याबद्दल काही लिहावे का?

अक्षरही लिहू नये. सातबारावरील वारसनोंद, हक्कसोडपत्र, गावच्या घराचे वाटप या विषयांना कुटुंबपत्रात स्थान नाही, मग तुमची बाजू कितीही न्याय्य असो. एक तर साठांपैकी निम्मे वाचक या ना त्या बाजूचे असतात. दुसरे म्हणजे लिहिलेला कागद कोठेही पोहोचतो, अगदी तहसील कार्यालयातील फायलीतही. गावच्या घराबद्दल लिहायचेच असेल तर यंदा माडीवरची कौले शाकारली आणि मागील दारचा फणस भरपूर लागला, एवढे लिहावे. (फणस कोणी नेले हे लिहू नये.)

ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्यालाही पत्र पाठवावे का, असे याच ओघात विचारले जाते. पाठवावे. सर्वांना जाणारे पत्र त्यालाही गेले, यात कोणी नमते घेतले असे ठरत नाही, आणि नेमकी हीच या पत्राची सोय आहे.

पत्र किती लांब असावे?

ए-४ आकाराच्या कागदाच्या दोन्ही बाजू. वयस्कर वाचक असतील तर अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि तसे करताना मजकूर तीन बाजूंवर गेला तरी चालेल.

छापील पत्र पाठवावे की व्हॉट्सअ‍ॅपवर?

दोन्ही, परंतु दोन्हींचे स्वभाव वेगळे आहेत. कुटुंबाच्या गटावर टाकलेले पत्र दिवाळीच्या चार दिवसांत रांगोळ्या, पणत्या आणि फटाक्यांच्या चित्रफितींखाली गाडले जाते; वर कोणी ‘वाचले’ असे लिहिले की बाकीचे वाचल्यासारखे करतात. गटाऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. एका यादीत २५६ जण बसतात आणि प्रत्येकाला संदेश स्वतंत्र आल्यासारखा दिसतो. मात्र ज्याच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक साठवलेला नाही त्याला तो मिळतच नाही, आणि तुम्हाला तसे कळतही नाही. स्टेटसवर टाकलेला मजकूर २४ तासांत जातो, म्हणून तो मार्ग पत्रासाठी निरुपयोगी आहे.

टपालाने पाठवणाऱ्यांसाठी: अंतर्देशीय पत्र अनेक वर्षे अडीच रुपयांना मिळत आले आहे, पण त्यात वेगळा कागद घालता येत नाही, म्हणून छापील पत्रासाठी साधे पाकीटच घ्यावे. पूर्वीसारखी रजिस्टर पोस्टाची सेवा स्वतंत्र राहिलेली नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पिनकोड लिहायला विसरू नये. सहा आकड्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे कवीही होते, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून तरी तो लिहावा. तारेने शुभेच्छा पाठवणाऱ्यांच्या काळात ठरावीक वाक्यांना क्रमांक असत आणि तेवढा क्रमांक सांगितला की काम भागत असे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण आजच्या तयार शुभेच्छाचित्रांकडे पाहिले की ती क्रमांकांची यादी काही संपलेली दिसत नाही.

संगणकावर लिहिणाऱ्यांनी युनिकोड अक्षरे वापरावीत. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये लिहिलेली फाईल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसते. तसा जुना मजकूर असेल तर तो पीडीएफ करून पाठवावा.

परदेशातील नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही. पत्र इंग्रजीत लिहावे का?

मराठी ऐकून समजणारी पण वाचता न येणारी मुले आता बहुतेक घरांत आहेत, आणि त्यासाठी परदेशापर्यंत जाण्याचीही गरज नाही. त्यांच्यासाठी पत्र वाचून ध्वनिमुद्रित करावे, आणि ते घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीने वाचावे. आमच्या आजीने वाचलेली अकरा मिनिटांची ध्वनिफीत आहे. त्यात मध्येच कुकरची शिट्टी होते आणि ती ‘गॅस बारीक करा गं’ असे ओरडून पुढचे वाक्य वाचते. नातवंडांनी छापील पत्राबद्दल कधी काही विचारले नाही; ही फीत मात्र ती मागून घेतात.

रोमन लिपीत मराठी लिहू नये. ते ना धड मोठ्यांना वाचवते, ना मुलांना.

नात्यात दिवाळी न करणारेही आहेत. त्यांना काय पाठवावे?

आंतरधर्मीय विवाह आता अनेक घरांत आहेत, आणि वसईचे किंवा अहिल्यानगरकडचे मराठी ख्रिस्ती स्नेही हेच पत्र डिसेंबरात नाताळला लिहितात. त्यांना पत्र पाठवताना फक्त शुभेच्छेची ओळ बदलावी. बातम्या त्याच राहतात. त्यांचे नाताळचे पत्र येईल तेव्हा त्याला उत्तर द्यावे, हे अधिक महत्त्वाचे आहे.

पत्रात कोणती माहिती देऊ नये?

पूर्ण जन्मतारखा, लहान मुलांच्या शाळेचे नाव व तुकडी, आणि घर कोणत्या तारखांना कुलूपबंद असेल ही माहिती. पत्र पुढे कोणाकोणाकडे जाते यावर आपला ताबा नसतो. काश्मीरच्या सहलीबद्दल परत आल्यावर लिहावे. लहान मुलांची छायाचित्रे टाकण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांना विचारावे, आणि मूल दहा वर्षांपुढील असेल तर त्यालाही विचारावे. ते बहुधा दुसरे छायाचित्र सुचवते.

पत्त्यांची यादी कशी सांभाळावी?

एका वहीत, पेन्सिलीने. दर वर्षी परत आलेली पाकिटे वहीतच ठेवावीत आणि पुढच्या नवरात्रात त्यांचा शोध घ्यावा. गेलेल्या व्यक्तीचे नाव पाकिटावरून काढायचे राहून जाते, ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. मी ती केली आहे. काकूंनी ते पाकीट उघडले, पत्र वाचले आणि फोन करून एवढेच म्हणाल्या की काकांच्या नावाचे पत्र बऱ्याच महिन्यांनी आले, ते ठेवून घेते.

कोणी उत्तरच देत नाही. मग लिहायचे कशाला?

पत्राला पत्राने उत्तर येईल ही अपेक्षा सोडून द्यावी. उत्तर येते ते असे: फेब्रुवारीत कोणाच्या तरी मुंजीत एक दूरचा चुलतभाऊ भेटतो आणि विचारतो, ‘ते बारावे वांगे शेवटी जगले का?’

यंदा सांगण्यासारखे काहीच घडले नाही. पत्र वगळावे का?

एक वर्ष वगळले की दुसरे वर्ष आपोआप वगळले जाते, आणि तिसऱ्या वर्षी सुरुवात कोठून करावी हेच कळत नाही. अशा वर्षी पत्र अर्ध्या पानाचे असू द्यावे. सगळे जिथल्या तिथे आहेत, दूधवाला बदलला, समोरच्या चिंचेची फांदी महापालिकेने तोडली, आईने दुपारी झोपायला सुरुवात केली, हे चौघांना सांगण्याजोगेच असते.

प्रती कशा जपाव्यात?

दर वर्षीची एक प्रत कागदावर छापून फाईलमध्ये लावावी. फोन बदलला की फोनमधील पत्र हरवते. प्रतीवर तारीख पूर्ण लिहावी आणि टोपणनावांपुढे एकदा तरी पूर्ण नाव लिहावे. जुन्या घरांच्या कागदपत्रांत ‘बंडू’, ‘अण्णा’, ‘माई’ एवढेच लिहिलेले आढळते आणि एका घरात तीन पिढ्यांत पाच अण्णा निघतात. पूर्ण नावे लिहून ठेवलेली फाईल पुढे वंशावळ लिहिणाऱ्याचे निम्मे काम करते.

पत्रात चूक राहिली आणि ती सर्वांकडे गेली. आता काय करावे?

ज्याच्याबद्दल चूक झाली त्याला त्याच दिवशी फोन करावा. सर्वांना दुरुस्तीचा स्वतंत्र संदेश पाठवू नये; ज्यांच्या लक्षात चूक आली नव्हती त्यांच्याही ती लक्षात येते. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या पत्राच्या शेवटी ‘ता. क.’ म्हणून घालावी. आमच्या पहिल्या पत्रात ज्या भाच्याचे नाव चुकले होते, त्याची दुरुस्ती दुसऱ्या वर्षी छापली, आणि तिच्यात त्याच्या वडिलांचे नाव चुकले.